उभ्याने घेतलेली ट्रायल

मानवजातीची सगळी प्रगती ताठ मानेच्या माणसांनी केलेली आहे. वाकणाऱ्यांनी फार तर जोडे पुसले; जगाला पुढे नेलं ते पाठीचा कणा सरळ ठेवणाऱ्यांनीच. हे विधान कुठल्याही व्यासपीठावर टाळ्या घेईल. फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये ते करू नये. तिथे सगळ्यांनी पेपर संपेपर्यंत वाकून बसायचं असतं, आणि मधूनच एखादी मान ताठ दिसली की पर्यवेक्षक बाई तिच्याकडे चालत येतात.

या गोष्टीतली ताठ मान एका शिंप्याच्या मुलीची होती.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधोमध कटिंगचं टेबल, भिंतीला लागून दोन मशिनी, कोपऱ्यात इस्त्री आणि एक उभा आरसा. आरशाचा पारा खालून उडालेला असल्यामुळे त्या दुकानात आजवर एकाही गिऱ्हाइकाला स्वतःचे पाय दिसले नव्हते. पडद्यामागे मास्तरांची बायको काजं करायची, बटणं लावायची आणि पुढच्या खोलीतलं बोलणं ऐकायची. कटिंगच्या टेबलाच्या एका टोकाला खडूने रेघ मारलेली होती. रेघेच्या अलीकडे कापड, पलीकडे मुलीची पुस्तकं. मास्तरांची कात्री कापड कापत सपासप यायची आणि रेघेपाशी थांबायची.

मुलीला गल्लीत सगळे डॉक्टर म्हणत. लहानपणी तिने दुकानातल्या पुतळ्याला चिंध्यांचं बँडेज बांधलं होतं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं होतं की आज पुतळ्याला बरं नाही, कोट त्याच्या अंगावर घालू नका. तेव्हापासून ते नाव पडलं. पुढे ती मापं लिहून घ्यायला लागली. मास्तर गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून आकडा सांगायचे. ती तो लिहायची आणि त्या खांद्याच्या आत कुठकुठली हाडं आहेत ते मनात म्हणायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, पोरगी आपल्याकडे फार आदराने बघते. ती त्याच्या आरपार बघत असायची.

मेडिकलची प्रवेशपरीक्षा तिने दोनदा दिली. पहिल्या वेळी थोडक्यात हुकली. दुसऱ्या वेळी त्याहून थोडक्यात हुकली, आणि त्याचा त्रास पहिल्यापेक्षा जास्त असतो. परीक्षा तीनदाच देता येते, असा नियम होता. म्हणजे तिसरी खेप शेवटची.

त्याच सुमारास धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा मेडिकल कॉलेजात लागला. त्याचा पांढरा कोट मास्तरांकडेच शिवायला आला. खिसा हृदयाच्या बाजूला द्या, असं तो म्हणाला आणि त्याने हात उजवीकडे ठेवला. मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने माप लिहून घेतलं. तो गेल्यावर पडद्यामागून आवाज आला, की तो कसा लागला ते गल्लीतल्या मांजरांनासुद्धा माहीत आहे, एक आपल्यालाच माहीत नाही.

आणि मग मामा आला.

मामा म्हणजे मास्तरांचा मेहुणा. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. लहान वस्तूंवर त्याचा हात चांगला बसलेला होता. मोठ्या वस्तू, उदाहरणार्थ संसार, त्याला जमल्या नव्हत्या. भाचीवर मात्र त्याचा जीव होता. तो टेबलावर कोपर टेकून, खडूच्या रेघेवरच, बसला आणि त्याने योजना सांगितली. उत्तरं आधीच बाहेर येतात. ती त्याच्याकडे येतील. तो आपल्या दुकानात बसून फोनवर वाचेल आणि ती एकेक करून हिच्या कानाशी पोचतील. यंत्र कानात ठेवायचं नाही, कारण कानात बॅटरी मारून बघतात, केस सोडायला लावतात, चपला काढायला लावतात.

“पण कॉलर कोण उसवतंय, दाजी?” मामा म्हणाला.

त्या घरात या गोष्टीला होकार असा कुणी दिला नाही. मास्तर बराच वेळ कापडाचा काठ कुरवाळत बसले आणि मग त्यांनी विचारलं, की ते यंत्र जाडीला केवढं असतं. शिंप्याच्या घरात होकार असाच येतो.

मुलीने मान वर केली नव्हती. ती शेवटी एवढंच म्हणाली, की मला जी येत नाहीत तेवढीच सांगायची. मामा म्हणाला, तुला काय येत नाही ते मला कुठून कळणार, मला तर त्यातलं काहीच येत नाही. मग ती म्हणाली, बरं, सगळी सांग, जी मला येतात ती मी ऐकणार नाही. या अटीवर तिने स्वतःची समजूत घातली. कॉलरमधून आवाज येऊ लागला की मिटायला कानाला पापण्या नसतात, हे तिला अजून कळायचं होतं.

परीक्षेला हाफ शर्ट, फिका रंग, खिसा नाही, बटणं बारीक, असा नियम होता. मास्तरांनी तो नियम इतक्या काटेकोरपणे पाळला की परीक्षा घेणाऱ्यांनी नमुना म्हणून तो शर्ट भिंतीवर टांगावा. मसुराएवढा स्पीकर उजव्या कानाच्या मागे, कॉलरच्या घडीत. बॅटरीची पुडी काखेच्या शिवणीत. दोघांना जोडणारी केसासारखी तार खांद्याच्या जोडातून पाठीवरून फिरवलेली. कॉलर त्यांनी हाताने शिवली. इस्त्री केल्यावर डोळे मिटून बोटं फिरवली, तर त्यांचं त्यांनाच काही लागेना. आयुष्यात इतकं चांगलं काम आपल्या हातून झालं नव्हतं असं त्यांना वाटलं, आणि ते कुणाला दाखवता येणार नाही याचं त्यांना वाईटही वाटलं.

ट्रायल दुपारी झाली, शटर अर्धं ओढून. मुलीला आरशासमोर उभं केलं. मामा आतल्या खोलीत जाऊन फोनवर पुटपुटला. मुलीने मान हलवली. ऐकू येत होतं. मास्तरांनी खांद्यावर हात फिरवला, पाठ बघितली, लांबी बघितली. लहानपणापासून ती अशी उभी राहायला शिकली होती: टाचा जुळवून, हनुवटी वर, श्वास रोखून.

पडद्यामागून बायको म्हणाली, “बसून बघ गं एकदा.”

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून त्यांनी सांगितलं, की पँट बसून बघतात. शर्ट उभ्यानेच बघतात. आपल्या वडिलांनी उभ्याने बघितला, त्यांच्या वडिलांनी उभ्याने बघितला, आणि आता परीक्षा आहे म्हणून धंद्याची रीत बदलायची का. बायकोने दाताने दोरा तोडला आणि ती पुढचं बटण लावायला लागली.

माणूस वाकला की पाठ रुंद होते. त्यासाठी शिवणीत थोडी माया सोडायची असते, हे मास्तरांना झोपेतसुद्धा माहीत होतं आणि कापडाला त्यांनी ती सोडलीही होती. तारेलाही सोडावी लागते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी घंटा झाली, पेपर वाटले गेले आणि मामा कॉलरमधून बोलू लागला. पहिलं उत्तर ऐकून मुलगी लिहायला वाकली आणि मामा गप्प झाला. ती सरळ झाली. कॉलरमध्ये कट् असा आवाज आला आणि मामा पुन्हा सुरू झाला, पण एव्हाना तो दोन प्रश्न पुढे गेला होता. ती वाकली, मामा गेला. सरळ झाली, मामा आला. असं काही वेळ चाललं. त्यात मामाला गप्प बसून वाचायची सवय नव्हती. हा क आहे की ड, असं तो स्वतःशीच म्हणायचा. मग मांडीवर काहीतरी सांडल्यासारखा थांबायचा. मग म्हणायचा, बरं, घे ड. शिवाय जे तिला पक्कं येत होतं त्याचंही तो उत्तर सांगायचा आणि कधीकधी ते वेगळंच असायचं. अशा वेळी आपलं खरं की मामाचं, हे ठरवण्यात प्रश्न वाचायचाच राहून जायचा.

हे तिचं शेवटचं बसणं होतं. शेवटी तिने ठरवलं, की वाकायचंच नाही. हात लांब करून, नजर तेवढी खाली सोडून, आरशासमोर उभं राहावं तशी ती बाकावर बसली आणि चिमट्यात निखारा धरावा तसा पेन धरून गोल भरू लागली. हॉलमधली बाकी सगळी डोकी आडवी झालेली. त्यात ही एकटी, दुकानातल्या पुतळ्यासारखी.

पर्यवेक्षक बाई प्रेमळ होत्या. त्यांना वाटलं, पोरीची पाठ धरली. त्या जवळ आल्या, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारायला म्हणून तोंड तिच्या कानाशी नेलं. तेव्हा कॉलर म्हणाली, “बावन्न, ब. त्रेपन्न... मेल्याचं अक्षर बघा. क समज.”

मुलीला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं. तिथे केंद्रप्रमुख बसले होते. परीक्षा नीट पार पाडायची जबाबदारी त्यांची. बाईंनी शाळेच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट आणून मुलीला घालायला दिला आणि शर्ट टेबलावर पसरला. पसरल्याबरोबर शर्ट बोलू लागला. शिपाई हात बांधून उभा राहिला आणि प्रवचन ऐकावं तसा ऐकू लागला. शर्ट उचलला की आवाज बंद. ठेवला की सुरू. केंद्रप्रमुखांनी चाचपला, बाईंनी चाचपला, शिपायानेही हात धुऊन चाचपला. काही लागेना. फाडला तर पुरावा खराब होईल, असं केंद्रप्रमुखांचं म्हणणं पडलं. तेव्हा शिपाई म्हणाला, की शिंपी बोलवावा.

फाटकाबाहेर झाडाखाली आईबाप बसलेले होते. कुणी जप करत होतं, कुणी दुसऱ्याच्या मुलाची तयारी किती झाली होती याची चौकशी करत होतं. शिपायाने फाटकातून विचारलं, तुमच्यात कुणी शिंपी आहे का.

मास्तरांचा हात आपोआप वर गेला. आयुष्यभर कुणी शिंपी म्हटलं की त्यांनी ओ दिली होती. कुणाच्या तरी पोराची पँट उसवली असणार, असं त्यांना वाटलं. बिचाऱ्याचा वेळ जायला नको म्हणून ते भराभर चालले. आज आपल्या हातून दुसऱ्याच्या लेकराचं एखादं काम होतंय, तर तेवढंच बरं, असंही त्यांच्या मनात आलं. खिशात लहान कात्री होतीच. ती ते जेवतानासुद्धा काढत नसत.

खोलीच्या दारात ते थांबले. समोर त्यांची मुलगी पांढरा कोट घालून उभी होती. खांद्याला बरोबर बसला होता. एक क्षण मास्तरांना वाटलं, झालं. मधली सगळी वर्षं कुणीतरी कापून बाजूला टाकली आणि झालं एकदाचं.

मग त्यांना टेबलावरचा शर्ट दिसला.

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर भिंतीवरच्या नकाशाकडे वळवली. मास्तरांना कळलं. ही कुणाची मुलगी, हे इथे कुणाला माहीत नव्हतं. शर्ट कुणी शिवला हेही नव्हतं. त्यांनी परक्या माणसाच्या आवाजात विचारलं, काय झालंय, साहेब. जन्मापासून एका खोलीत राहिलेल्या दोन माणसांनी एकमेकांना ओळखत नाही असं दाखवणं सोपं नसतं. दोघांनी ते छान दाखवलं. केंद्रप्रमुखांना तर मास्तर आवडलेच. ते म्हणाले, यात कुठेतरी काहीतरी शिवलंय, कुठे ते सापडत नाही, तेवढं शोधून उसवून द्या.

मास्तरांनी शर्ट हातात घेतला, उलटा केला, कॉलर अंगठ्यावर दुमडली, कात्रीचं टोक एका टाक्याखाली घातलं आणि दोरा ओढला. कॉलर शेंगेसारखी उघडली. आत मसुराएवढा स्पीकर बसलेला होता.

केंद्रप्रमुखांनी चष्मा पुसला.

“मास्तर, आम्ही तिघं इतका वेळ चाचपतोय,” ते म्हणाले. “तुम्हाला कसं कळलं, इथेच आहे म्हणून?”

मास्तरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात नेहमीसारखाच दिसत होता. त्यांनी उत्तर शोधलं. पण ज्या माणसाला शिवण शोधावी लागली नव्हती त्याला उत्तर कुठून सापडणार.

“बाबा,” मुलगी हळूच म्हणाली, “थोडं शोधायचं तरी.”

त्यानंतर नाव, पत्ता, सह्या वगैरे झालं. मास्तरांनी शर्ट नीट घडी करून टेबलावर ठेवला, कारण उघडी घडी त्यांना बघवत नसे. घडीतून मामा शेवटपर्यंत वाचत राहिला. संपल्यावर त्याने मोठा श्वास सोडला. “झालं गं पोरी,” तो म्हणाला. “आता निवांत बस आणि एकदा सगळं तपासून घे.”

नंतरचे महिने हे परीक्षा मंडळापुढच्या सुनावणीची वाट बघण्याचे होते. मामाच्या दुकानाला सील लागलं. भेटेल त्याला तो सांगायचा, की यंत्रात काही दोष नव्हता, दोष फिटिंगमध्ये होता. हे मास्तरांच्या कानावर आलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं. बायकोने मात्र, मी म्हटलं नव्हतं का, असं एकदाही म्हटलं नाही. ते वाक्य तिने आयुष्यभर पुरवून वापरायचं ठरवलं असावं.

मुलगी दुसऱ्या मशीनवर बसू लागली. टेबलावरची खडूची रेघ इस्त्रीच्या कापडाने पुसत पुसत गेली आणि कुणी ती परत मारली नाही. गल्ली तिला अजून डॉक्टरच म्हणायची. त्यात टोमणा नव्हता. सवय होती, आणि सवयीला सुनावणी नसते. शर्टाशिवाय आपण पास झालो असतो का, याचा हिशेब तिने एकदा मनातल्या मनात केला. त्या दिवशी ती जेवली नाही. उत्तर काय आलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि ते विचारण्याचं धाडस त्या घरात कुणाला झालं नाही. धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा कोट सैल करायला घेऊन आला, तेव्हा काखेतली शिवण तिनेच उसवली. तो तिला म्हणाला, वाईट वाटलं हो. ती म्हणाली, हात वर करा.

मंडळाकडे त्यांचं मागणं अगदी साधं होतं. परीक्षेला बसायला बंदी तर होणारच होती. ती काही वर्षांची व्हावी, कायमची होऊ नये, आणि हुकलेली खेप पुढे कधीतरी परत मिळावी. मास्तरांच्या गिऱ्हाइकांत एक वकील होते. त्यांनी मास्तरांना पढवून ठेवलं: मुलगी लहान, घरच्यांनी भरीला घातलं, चूक आमची, तिला शिक्षा नको. एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. मास्तरांनी ते पाठ केलं. मुलीने त्यांच्याकडून म्हणवून घेतलं, जशी एके काळी ती स्वतः हाडांची नावं म्हणायची.

सुनावणीच्या खोलीत लांबलचक टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष बसले होते. भरीव अंगाचे, सावकाश बोलणारे. त्यांच्यापुढे शर्ट होता. कागदपत्रं वाचली जात होती, पण अध्यक्षांचा अंगठा कॉलरच्या कडेवरून फिरत होता. मास्तरांचं लक्ष त्या अंगठ्यावर होतं. असा अंगठा फिरवणारं गिऱ्हाईक ते ओळखत. अशा गिऱ्हाइकाला माल आवडलेला असतो, आणि आवडलेल्या मालाच्या शिंप्याशी माणूस सहसा वाईट वागत नाही. त्यांनी मुलीच्या हाताला किंचित स्पर्श केला.

“कॉलर हाताची की मशीनची?” अध्यक्षांनी विचारलं.

“हाताची, साहेब.”

“अच्छा.” त्यांनी कॉलर उलटून टाके पाहिले. “तुमची चूक तुम्हाला मान्य आहे का?”

वकिलांनी प्रोत्साहनपर मान हलवली. पाठ केलेलं वाक्य मास्तरांच्या ओठांवर होतं. पण त्यांना इतक्या मोठ्या माणसाने, इतक्या शांतपणे, त्यांच्या कामाबद्दल पहिल्यांदाच विचारलं होतं. या माणसाला खरं सांगावं असं त्यांना वाटलं.

“मान्य आहे, साहेब,” ते म्हणाले. “चूक माझीच. ट्रायल बसून घ्यायला हवी होती.”

वकिलांनी डोळे मिटले. टेबलाच्या टोकाला लिहून घेणाऱ्याने वर पाहिलं आणि हेही लिहू का, असं नजरेनेच विचारलं. अध्यक्षांनी लिहा म्हणून खूण केली.

निर्णय वाचायला फार वेळ लागला नाही. मुलीला ही परीक्षा यापुढे कधीही देता येणार नाही; ही नाही आणि हिच्यासारखी दुसरीही नाही. वडिलांचं आणि मामाचं काय करायचं ते कोर्ट बघेल. पश्चात्तापाचा अभाव, असे शब्द त्यात होते. मास्तरांना ते कुणाबद्दल आहेत हे आधी कळलंच नाही. मुलगी ‘बरं’ म्हणाली, माप सांगितल्यावर म्हणायची तसं, आणि बापाचं कोपर धरून दाराकडे चालू लागली. ती सरळ चालत होती. आता सरळ चालायला कुणाची हरकत नव्हती.

ते दारापाशी पोचले तेव्हा मागून हाक आली. “मास्तर, जरा थांबा.”

मास्तर थांबले. मुलीची बोटं त्यांच्या कोपरात रुतली. वकील हातातले कागद सावरत अर्धे उठले. अध्यक्ष खुर्चीतून पुढे झुकले होते. शर्ट त्यांच्या हातात होता आणि चेहरा चांगल्या माणसाचा होता. काहीतरी राहून गेलेलं दुरुस्त करायला माणूस झुकतो तसे ते झुकले होते.

“असाच एक मला शिवून द्याल का?” ते म्हणाले. “हाफच. ते आतलं काही नको. आणि ट्रायल तेवढी बसून घ्या, मला दिवसभर बसूनच काम असतं.”